एक बैठक, चार उपचार: दातांचे बिल कसे असावे?

दाताचे दुखणे सहसा एकटे येत नाही. एक दाढ ठणकते म्हणून माणूस दवाखान्यात जातो. तिथे एक्स-रे काढला की कळते, शेजारची दाढ किडली आहे, मागची अक्कलदाढ आडवी आली आहे आणि हिरड्यांवर कित्येक वर्षांचे किटण साचले आहे. मग दंतवैद्य सुचवतात, ‘एकाच बैठकीत उरकून टाकू.’ त्यावर दोन प्रश्न उभे राहतात. इतके उपचार एका दिवशी शरीराला झेपतील का, हा पहिला. विमा त्या सगळ्यांचे पैसे देईल का, हा दुसरा. प्रत्यक्षात दुसराच प्रश्न आधी विचारला जातो आणि कधी कधी त्याच्या उत्तरावर पहिल्याचे उत्तर ठरते. तिथेच गडबड होते.

मुळशी तालुक्यातल्या नांदे-चांदे पट्ट्यात हा प्रश्न आता घरोघरी आहे. हिंजवडीचे आयटी पार्क जवळ असल्याने नोकरदारांची वस्ती वाढली आहे, आणि कंपनीकडून मिळणारा आरोग्य विमा त्यांच्यासोबत गावात आला आहे. पण त्या विम्यात दात कुठे बसतात आणि कुठे बसत नाहीत, हे बहुतेकांना क्लेम परत आल्यावरच कळते.

एक गाव, पाच खिसे

चांद्यासारख्या गावात दातांच्या उपचाराचा खर्च निदान पाच वेगवेगळ्या वाटांनी भागतो.

पहिली वाट कंपनीच्या गट विम्याची. मूळ विमा रुग्णालयात दाखल होण्यासाठी असतो. काही कंपन्या त्याला बाह्यरुग्ण उपचारांची, म्हणजे ओपीडीची जोड देतात आणि त्यात दातांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम ठेवतात. दुसरी वाट राज्य कामगार विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची. पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणारा, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात येतो. त्याला ईएसआयच्या दवाखान्यातून उपचार मिळतात, बिलाचा प्रश्न सहसा येत नाही. तिसरी वाट केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांच्या सीजीएचएसची. तिथे प्रत्येक उपचाराचा दर सरकारने आधीच ठरवलेला असतो. चौथी वाट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची. पाचवी वाट स्वतःच्या खिशाची, आणि आजही सर्वाधिक वर्दळ तिच्यावरच आहे.

यांपैकी कोणत्या वाटेने जायचे आहे, हे खुर्चीत बसण्याआधी ठाऊक असले पाहिजे. कारण ‘एका दिवशी अनेक उपचार’ या गोष्टीकडे प्रत्येक योजना वेगळ्या नजरेने पाहते.

दात विम्याबाहेर का?

विम्याची मूळ कल्पना अशी, की संकट मोठे असावे आणि ते कोणावर येईल हे सांगता येऊ नये. हजार जणांनी थोडे थोडे पैसे भरायचे आणि ज्या पाच-दहा जणांवर संकट येईल त्यांना सावरायचे. दातांचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. म्हणजे दातांचा खर्च जवळपास प्रत्येकाला, कधी ना कधी, थोडा थोडा येणारच. असा खर्च विम्यात घेतला की हप्ता वाढतो. म्हणून विमा कंपन्या दातांना एक तर बाहेर ठेवतात, नाही तर वर्षाची मर्यादा घालून आत घेतात.

आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेममध्ये नेहमीचे दंतोपचार वगळलेले असतात. अपघातात दात किंवा जबडा दुखावला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर मात्र खर्च मिळू शकतो. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत आजारामुळे किंवा इजेमुळे करावा लागणारा दंतोपचार समाविष्ट आहे, पण तोही रुग्णालयीन उपचारांच्या चौकटीत.

इथे ‘डे-केअर’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. २४ तासांपेक्षा कमी वेळात घरी सोडले म्हणून उपचार डे-केअर ठरत नाही. जे उपचार एरवी दाखल करून करावे लागले असते, पण तंत्रज्ञानामुळे आता काही तासांत होतात, ते डे-केअर. दवाखान्याच्या खुर्चीत, हिरडीत भूल देऊन केलेले रूट कॅनॉल विम्याच्या भाषेत ओपीडीच. एका दिवशी चार रूट कॅनॉल केली म्हणून त्यांचे डे-केअर होत नाही.

विम्याच्या नजरेतला ‘एक दिवस’

दंतवैद्याला दिसतात चार उपचार. रुग्णाला दिसते एक बैठक आणि एक रक्कम. विमा कंपनीचा तपासनीस मात्र चार गोष्टी पाहतो: दात कोणता, काम कोणते, तारीख कोणती आणि मर्यादा किती. त्यानुसार एका दिवसाच्या बिलात कपात होण्याची नेहमीची कारणे अशी.

एक, मोठ्या कामात सामावलेले छोटे काम. दात काढताना दिलेली भूल, नंतरचे टाके, रूट कॅनॉल चालू असताना घेतलेला एक्स-रे, दोन बैठकांच्या मधले तात्पुरते सिमेंट, या गोष्टी मुख्य उपचाराचाच भाग धरल्या जातात. त्यांची रक्कम वेगळी लावली तर ती बहुधा कापली जाते.

दोन, एकाच दाताची दोन कामे. एकाच दाढेला वरच्या बाजूने आणि कडेने कीड लागली, दोन्हीकडे एकाच दिवशी सिमेंट भरले, तर ती दोन फिलिंग नव्हेत. ते दोन पृष्ठभागांचे एक फिलिंग. शेजारशेजारच्या दोन दाढा भरल्या, तर मात्र ती दोन स्वतंत्र कामे. म्हणूनच बिलावर दाताचा क्रमांक नसला की तपासनीस दोन्ही एकच धरू शकतो.

तीन, तपासणी फी. एका डॉक्टरची एका दिवसाची फी सामान्यतः एकदाच मोजली जाते, मग त्या दिवशी दाते कितीही पाहिलेले असोत.

चार, ठरावीक काळातून एकदाच मिळणारे उपचार. दात साफ करणे, म्हणजे स्केलिंग, काही योजनांत वर्षातून एकदाच मिळते, तर काहींत मुळीच मिळत नाही. दात पांढरे करणे किंवा निव्वळ दिसण्यासाठी केलेली कामे जवळपास कुठेच मिळत नाहीत. अशी न मिळणारी बाब मिळणाऱ्या बाबींत मिसळून एकच आकडा लिहिला, की सगळे बिल अडते.

पाच, शस्त्रक्रियांची उतरती भाजणी. आयुष्मान भारत योजनेत एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया केल्या तर सर्वांत महागडीचा दर १०० टक्के, दुसरीचा ५० टक्के आणि तिसरीचा २५ टक्के धरतात. सीजीएचएसमध्येही मोठ्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजला जोडून छोटी प्रक्रिया केली तर तिच्या दराच्या निम्मीच रक्कम मान्य होते. त्यामागचा तर्क सरळ आहे. शस्त्रक्रियागृह एकदाच तयार होते, भूल एकदाच दिली जाते, निर्जंतुक साहित्य एकदाच उघडले जाते. मग दुसऱ्या कामाला तोच खर्च पुन्हा का मोजायचा?

समजा, जबड्याच्या दुखापतीत तीन प्रक्रिया एकाच वेळी झाल्या आणि त्यांचे दर २०,०००, १०,००० आणि ४,००० रुपये आहेत. साधी बेरीज ३४,००० होते. भाजणीनुसार हिशेब होतो २०,००० अधिक ५,००० अधिक १,०००, म्हणजे २६,०००. हे उरलेले ८,००० रुपये रुग्णाने भरायचे नसतात, हे ध्यानात ठेवावे. सरकारी योजनेत पॅकेज मंजूर झाले की त्या उपचारासाठी लाभार्थ्याकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. तशी मागणी झाली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावे, किंवा जन आरोग्य योजनेच्या १५५३८८ आणि आयुष्मान भारतच्या १४५५५ या क्रमांकांवर तक्रार करावी.

एका बिलाची दोन रूपे

आता खासगी दवाखान्यातले उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. चांद्यात राहणाऱ्या एका नोकरदार स्त्रीला कंपनीच्या योजनेत दातांसाठी वर्षाला १०,००० रुपये मिळतात. स्केलिंग त्या योजनेत नाही. एका शनिवारी तिच्या उजव्या बाजूच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेचे रूट कॅनॉल झाले (६,००० रुपये), त्यामागच्या दाढेत सिमेंट भरले (१,५०० रुपये), त्याच बाजूची अक्कलदाढ काढली (५,००० रुपये) आणि दात साफ केले (१,५०० रुपये). एकूण १४,००० रुपये.

बिलाचे पहिले रूप: ‘दंतोपचार: १४,००० रुपये.’ असे बिल तपासनीसाला काहीच सांगत नाही. स्केलिंग वगळायचे तर किती वगळायचे, हे त्याला कळत नाही. तो बिल परत पाठवतो. दरम्यान क्लेम पाठवण्याची मुदत उलटली, तर हक्काचे १०,००० रुपयेही जातात.

बिलाचे दुसरे रूप: चार ओळी, प्रत्येक ओळीत दाताचा क्रमांक, काम, तारीख आणि रक्कम. तपासनीस स्केलिंगचे १,५०० वगळतो, १२,५०० ग्राह्य धरतो आणि मर्यादेप्रमाणे १०,००० मंजूर करतो. उपचार तेच, दिवस तोच, पैसेही तेवढेच दिलेले. फरक फक्त चार ओळींचा.

दाताच्या क्रमांकाचे गणित अवघड नाही. आपल्याकडे दोन अंकी पद्धत वापरतात. पहिला अंक जबड्याचा पाव भाग सांगतो: रुग्णाची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३ आणि खालची उजवी ४. दुसरा अंक मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजायचा, १ ते ८. म्हणजे वरच्या उदाहरणातली रूट कॅनॉलची दाढ ४६, सिमेंट भरलेली ४७ आणि काढलेली अक्कलदाढ ४८. दुधाच्या दातांसाठी पहिला अंक ५ ते ८ असतो. एवढे समजले तरी आपले बिल आपल्याला वाचता येते.

आधी शरीराचा हिशेब

किती उपचार एका दिवशी करायचे, याचे उत्तर पॉलिसीत शोधायचे नसते. ते रुग्णाच्या तोंडात आणि प्रकृतीत असते.

एकाच बाजूची कामे एकत्र करण्यात फायदा असतो. खालच्या जबड्याच्या एका बाजूची भूल दिली की त्या बाजूच्या सगळ्या दाढा बधिर होतात. एका सुईत दोन-तीन कामे होतात, दुखणे एकदाच सोसावे लागते आणि सुट्टीही एकच लागते. खालच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी भूल दिली, तर जीभ दोन्हीकडून बधिर होते. नकळत जीभ किंवा गाल चावला जातो आणि चावायला एकही बाजू मोकळी राहत नाही. म्हणून दोन्हीकडच्या अक्कलदाढा एका दिवशी काढायच्या की नाहीत, हे विचारपूर्वक ठरवतात.

भुलेच्या औषधालाही मर्यादा आहे. अॅड्रिनलिनमिश्रित लिग्नोकेन प्रौढांना दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅमपर्यंत देता येते. ५० किलो वजनाच्या माणसाला ३५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचे द्रावण साधारण साडेसतरा मिलिलिटर. ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. पण मुलांसाठी अधिक सावध मर्यादा धरतात, किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाला त्या हिशेबाने जेमतेम ३.३ मिलिलिटर देता येते. चारही बाजूंना सुया दिल्या तर ही मर्यादा केव्हाच गाठली जाते.

मधुमेह असणाऱ्याची लांबलेली बैठक म्हणजे चुकलेले जेवण आणि उतरलेली साखर. अशांनी सकाळची वेळ घ्यावी, नेहमीचे औषध आणि न्याहारी घेऊनच जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एका वेळी थोडेच दात काढतात, एका दाताचे रक्त थांबले हे पाहून पुढचे ठरवतात. वॉरफरीनवर असणाऱ्याची आयएनआर तपासणी आधी लागते. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे दात काढण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

याउलट, ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, त्यांना दात काढण्यासारख्या कामाआधी जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविकाचा एक डोस द्यावा लागतो. प्रौढांना बहुधा दोन ग्रॅम अॅमॉक्सिसिलिन, अर्धा ते एक तास आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. प्रत्येक बैठकीला हा डोस पुन्हा लागतो. अशा रुग्णाची कामे झेपतील तितकी एकत्र करणेच शहाणपणाचे. म्हणजे एका रुग्णासाठी विभागणी योग्य, दुसऱ्यासाठी एकत्रीकरण. विम्याचा कोणताही सरसकट नियम हा फरक ओळखत नाही. तो डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायचा असतो.

लहान मुलांचे प्रकरण आणखी वेगळे. बाटलीने दूध पिता पिता झोपणाऱ्या काही मुलांचे आठ-दहा दात एकदम किडतात. तीन वर्षांचे मूल दहा वेळा खुर्चीत बसत नाही. मग रुग्णालयात पूर्ण भूल देऊन सगळे दात एकाच दिवशी दुरुस्त केले जातात. इथे भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि देखरेख यांचा खर्च येतो. ‘दंतोपचार’ हा शब्द पाहून विमा कंपनी नकार देऊ शकते. म्हणून अशा उपचाराआधी पूर्ण भूल का लागते हे बालदंतवैद्याकडून लिहून घ्यावे, ते विमा कंपनीला पाठवावे आणि होकार किंवा नकार लेखी घ्यावा. फोनवरचा ‘हो’ क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

तारीख बदलण्याचा मोह

वार्षिक मर्यादा १०,००० आणि खर्च १४,०००, हे दिसले की एक सल्ला हमखास मिळतो: ‘अर्धे बिल पुढच्या पॉलिसी वर्षाच्या तारखेचे करून घ्या.’ कधी सांगतात, ‘स्केलिंगऐवजी फिलिंग लिहा.’ कधी बायकोच्या दाढेचे बिल नवऱ्याच्या नावावर करण्याची विनंती होते. ही मागणी दरवेळी बेइमानीतून येत नाही. ‘हप्ता भरलाय, मग पैसे का सोडायचे?’ एवढाच तिचा उगम असतो. परिणाम मात्र गंभीर आहे.

आरोग्य पॉलिसीतल्या फसवणुकीच्या कलमानुसार खोटा क्लेम सिद्ध झाला तर त्या पॉलिसीचे सगळे लाभ आणि भरलेला हप्ता जप्त होतो. साठ महिने सलग पॉलिसी चालवल्यानंतर जुन्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही, हे संरक्षणही सिद्ध झालेल्या फसवणुकीला लागू नाही. म्हणजे दीड हजाराच्या स्केलिंगसाठी लाखो रुपयांचे हृदयविकाराचे संरक्षण पणाला लागते. खोटे प्रमाणपत्र देणे हे दंतवैद्यासाठीही व्यावसायिक गैरवर्तन आहे आणि नोंदणी त्यामुळे धोक्यात येते. एक्स-रेवर आणि ऑनलाइन पेमेंटवर खरी तारीख असते, त्यामुळे खोटी तारीख पकडणे अवघडही नाही.

खरी विभागणी मात्र पूर्णपणे रास्त आहे. दुखणारी, पू झालेली दाढ आज. न दुखणारी, छोटी कीड असलेली दाढ महिन्याने, नवे पॉलिसी वर्ष सुरू झाल्यावर. उपचार खरोखर त्या दिवशी झाला, तर बिलही त्या दिवसाचे. अट एकच: थांबल्याने नुकसान होणार नाही, असे डॉक्टरांनी म्हटले पाहिजे. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडता न येणे किंवा गिळायला त्रास, यांतले काहीही असेल तर पॉलिसीची तारीख पाहत बसू नये. दाढेतला पू जबड्याखाली आणि मानेत उतरला तर श्वास अडकू शकतो. तेव्हा खर्च दाढेचा राहत नाही, अतिदक्षता विभागाचा होतो.

रूट कॅनॉल आणि कॅप अशी लांबणारी कामे दोन पॉलिसी वर्षांत पसरतात. अशा वेळी काम सुरू झाल्याची तारीख धरायची की पूर्ण झाल्याची, हे योजनेनुसार बदलते. ते आधी विचारून घ्यावे. आगाऊ दिलेल्या रकमेची पावती म्हणजे बिल नव्हे. काम संपल्यावर अंतिम बिल मागून घ्यावे.

अपघात झाला तर

दुचाकी घसरून तोंडावर पडणे ही हिंजवडी-मुळशी भागातल्या रस्त्यांवर नवी गोष्ट नाही. अशा वेळी जबड्याचे हाड जोडणे, हललेले दात तारेने बांधणे, ओठाचे टाके ही कामे एकाच शस्त्रक्रियेत होतात. रुग्णालयात दाखल असल्याने साधा मेडिक्लेमही इथे कामी येतो. मात्र केसपेपरवर पहिल्याच दिवशी ‘अपघातात दुखापत’ अशी नोंद, कोणते दात तुटले त्यांचे क्रमांक आणि एमएलसी झाली असल्यास तिची प्रत हवी. सहा महिन्यांनी बसवलेल्या कृत्रिम दाताचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत, पण अपघाताची पहिली नोंदच नसेल तर मागण्यालाही आधार उरत नाही.

सातासमुद्रापार

दातांचा स्वतंत्र विमा रुजला तो अमेरिकेत. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या मुलांसाठी दंतोपचाराची योजना मिळवली आणि त्यातून पुढे हा विमा पसरला. आज तिथे प्रत्येक उपचाराला अमेरिकन डेंटल असोसिएशनने दिलेला सांकेतिक क्रमांक असतो आणि क्लेम त्या क्रमांकावर चालतो. तरीही एका दिवसाच्या अनेक उपचारांवरून तिथेही वाद होतात. हिरड्यांची खोलवर सफाई चारही बाजूंची एका दिवशी केली, तर अनेक कंपन्या स्पष्टीकरण मागतात किंवा दोनच बाजूंचे पैसे देतात. वर्षाची मर्यादाही पुष्कळ योजनांत एक-दोन हजार डॉलरच असते.

म्हणून तिकडची मराठी कुटुंबे सुट्टीत पुण्यात आली की दातांची कामे उरकतात. काही अमेरिकी योजना परदेशातल्या उपचाराचे पैसे परत देतात, काही देत नाहीत. देत असतील तर बिल इंग्रजीत, प्रत्येक कामाची वेगळी ओळ आणि एक्स-रे लागतो. त्यात एक गंमत घडते. आपल्या पद्धतीत १६ म्हणजे वरची उजवी पहिली मोठी दाढ. अमेरिकेत दात १ ते ३२ असे सलग मोजतात आणि तिथे १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. कॅप एका दाढेला आणि क्लेम भलत्याच दाढेचा, असा घोळ टाळायचा तर बिलावर क्रमांकासोबत दाताचे नावही लिहून घ्यावे.

उपचाराआधी आणि नंतर

सगळ्याचे सार थोडक्यात असे.

उपचाराआधी लेखी आराखडा मागावा: कोणत्या दाताला काय, किती बैठका, प्रत्येकाचा खर्च. तो आराखडा विमा कंपनीला, टीपीएला किंवा कंपनीच्या एचआर विभागाला दाखवून विचारावे: वार्षिक मर्यादा किती उरली आहे, दर भेटीची वेगळी मर्यादा आहे का, कोणते उपचार वगळले आहेत, प्रतीक्षा कालावधी आहे का, बिल किती दिवसांत पाठवायचे.

उपचारानंतर बिलावर पुढील गोष्टी आहेत का हे दवाखान्यातच पाहावे: रुग्णाचे पूर्ण नाव, प्रत्येक उपचाराची खरी तारीख, दाताचा क्रमांक, उपचाराचे नाव, प्रत्येकाची वेगळी रक्कम, बिल क्रमांक, दंतवैद्याचे नाव, नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का. सोबत निदान लिहिलेला केसपेपर, औषधाची चिठ्ठी, उपचाराआधीचा आणि नंतरचा एक्स-रे आणि पैसे दिल्याची पावती. एकाच दिवशी अनेक उपचार का केले, याचे एक वाक्य केसपेपरवर असले तर पुढचे दहा प्रश्न टळतात.

नवरा-बायको दोघांनाही आपापल्या कंपनीचा विमा असेल, तर आधी एका ठिकाणी क्लेम करावा. तिथून किती मिळाले याचे पत्र आणि कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती घेऊन उरलेल्या रकमेसाठी दुसरीकडे जाता येते. दोन्हीकडून मिळून खर्चापेक्षा जास्त मात्र घेता येत नाही.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमानुसार नाकारला, हे लेखी मागावे. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे एक कार्यालय पुण्यातच आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर वर्षभराच्या आत तक्रार करायची असते. मात्र काही कंपन्यांची दातांची सवलत हा विमा नसून त्यांनी स्वतः ठेवलेला निधी असतो. तिथे दाद एचआरकडेच मागावी लागते.

आणि जो पाचव्या, स्वतःच्या खिशाच्या वाटेवर आहे, त्यानेही वेगळ्या ओळींचे बिल जरूर मागावे. चार उपचारांना एकच आकडा सांगितला, तर कशाचे किती घेतले हे कधीच कळत नाही. वेगळे वेगळे दिसले, की कोणते आज करायचे आणि कोणते थांबू शकते, हे डॉक्टरांना विचारता येते. दातांच्या उपचारात पैसे वाचतात ते या प्रश्नाने, आणि त्याहून जास्त वाचतात ते दाढ ठणकायला लागण्याआधी दाखवल्याने. किडीची पहिली काळी रेघ एका फिलिंगमध्ये मिटते. तीच दोन वर्षे राहिली तर रूट कॅनॉल, कॅप आणि चार ओळींचे बिल होते.